एक टक्का कापला म्हणजे टॅक्स भरून झाला?

डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत फिरतो आहे: ‘कंपनी पेआउटमधून १ टक्का कापते, म्हणजे आपला टॅक्स भरून झाला. १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, म्हणून रिटर्नची गरज नाही. भरलात तर उगाच आयकर खात्याच्या नजरेत याल. लोनसाठी लागलंच तर आयटीआर-१ भरून टाका.’ चारही वाक्यं ऐकायला सोयीची आहेत, आणि चारही रायडरच्या नुकसानीची.

आधी तो १ टक्का. तो टीडीएस आहे, म्हणजे पैसे हातात देण्याआधीच कापलेला टॅक्स; २०२५-२६ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४सीखाली कंत्राटदाराच्या बिलातून कापला जाणारा. कायद्याच्या लेखी तुम्ही कंपनीचे नोकर नाही, स्वतःचा धंदा करता. म्हणूनच नोकरदारांना मिळणारा टीडीएसचा दाखला, फॉर्म १६, मिळत नाही आणि पगारदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही लागू होत नाही. कापलेले पैसे तुमच्या पॅनवर सरकारकडे आगाऊ जमा होतात. हिशोब नंतर तुम्हीच मांडायचा असतो. समजा वर्षाचा पेआउट ३,६०,००० रुपये, तर कापले गेले ३,६००. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, मोबाइलचा रिचार्ज वजा केला की उत्पन्न आणखी खाली येतं, टॅक्स शून्य. मग ते ३,६०० तुमचे आहेत. पण रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी उशिराचं रिटर्नसुद्धा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच भरता येतं. ती मुदत गेल्यावर जे अपडेटेड रिटर्न भरता येतं, त्यामध्ये रिफंड मागता येत नाही.

पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हीच कपात २० टक्के होते. ३,६०,००० वर ७२,०००! पेआउट स्टेटमेंटमधली टीडीएसची ओळ आजच उघडून बघा. आणि जे भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर गाडी चालवतात, त्यांची कमाई आणि कपात दोन्ही त्या दुसऱ्याच्या पॅनवर चढतात. रिफंडही त्याच्याच खात्यात. पावसात भिजायचं तुम्ही आणि कागदावर कमावणारा दुसराच.

१२ लाखांची गोष्ट अर्धी खरी आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची सूट मिळून टॅक्स शून्य होतो. पण करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. खर्च वजा जाता उत्पन्न त्याच्या वर गेलं तर टॅक्स शून्य असूनही रिटर्न भरावंच लागतं. मुदत चुकली तर उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तेव्हा १,००० रुपये, ५ लाखांच्या वर असेल तेव्हा ५,००० लेट फी बसते.

खात्याच्या नजरेत तुम्ही आधीपासूनच आहात. आयकर पोर्टलवर लॉगिन करून २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या टॅक्सची नोंद, उघडा: कंपनीचं नाव, तिचा टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर), १९४सी, त्याखाली तारीखवार जमा झालेली रक्कम आणि शेजारी कापलेला टॅक्स. रिटर्न न भरून यातली एकही ओळ पुसली जात नाही. खरी काळजी घ्यायची ती सीओडीच्या, म्हणजे डिलिव्हरीच्या वेळी ग्राहकाकडून घेतलेल्या, पैशांची. ग्राहकाने तुमच्या यूपीआयवर टाकलेले ४२० रुपये तुम्ही रात्री कंपनीला भरता. ते तुमचं उत्पन्न नाही, पण बँकेच्या पासबुकात जमा दिसतात. भरल्याची नोंद जपून ठेवा. टिप आणि इन्सेंटिव्ह मात्र उत्पन्नच.

आता फॉर्म: आयटीआर-१ हा रिटर्नचा फॉर्म धंद्याच्या उत्पन्नासाठी नाहीच. खर्चाचा पूर्ण हिशोब ठेवणाऱ्याला आयटीआर-३, आणि कलम ४४एडीखाली अंदाजे नफा दाखवणाऱ्याला आयटीआर-४, म्हणजे सुगम. ४४एडीत बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवायचा असतो, आणि इथेच मला सगळ्यात जास्त चीड येते. काही एजंट सरसकट ६ टक्के ठोकून देतात. ३,६०,००० वर २१,६००, अख्ख्या वर्षाचे! पेट्रोल आणि बाकी खर्च जाऊन २,४०,००० उरत असतील तर तेच दाखवा. टॅक्स तेव्हाही शून्यच आहे. बाइकच्या लोनला बँक हाच आकडा बघते. आणि अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई ठरवताना उत्पन्नाचा पुरावा म्हणून रिटर्न धरलं जातं. दिवसभर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर असणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी २१,६०० चा कागद घेऊन तिथे उभं राहायचं का? एजंटकडे जाताना वर्षभराचं पेआउट स्टेटमेंट आणि पेट्रोलच्या नोंदी बरोबर न्या, आणि नफ्याचा आकडा तुम्ही सांगा.