घसारा न दाखवल्याने गाळ्यावरचा कर कमी होत नाही

माझ्या मामांचा कोल्हापुरात छापखाना आहे. गाळ्याच्या इसारपावतीवर सही करण्याच्या आदल्या रात्री त्यांनी मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘व्यवहार दोन वर्षे पुढे ढकलू का?’ संदेशाचे म्हणणे असे: गाळा दोन वर्षांहून अधिक काळ ताब्यात असेल तर नफ्यावर साडेबारा टक्केच कर लागतो, विक्रीआधी दोन वर्षे विवरणपत्रात घसारा (वापरामुळे मालमत्तेची दरवर्षी घटणारी किंमत, जी उत्पन्नातून वजा होते) दाखवला नाही तर आधीचा घसारा विचारात घेतला जात नाही, विक्रीचे पैसे तीन वर्षांत दुसऱ्या गाळ्यात गुंतवले तर कर शून्य, आणि करारात किंमत कमी लावावी.

घसाऱ्याचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून माणूस आलेले गिऱ्हाईक घालवतो. मालमत्ता व्यवसायात वापरात असेल तर घसारा मागा अथवा मागू नका, तो विचारात घेऊनच उत्पन्न काढायचे, असे 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 32 चे पाचवे स्पष्टीकरण सांगते. गाळा खरोखर व्यवसायाबाहेर काढून गुंतवणूक म्हणून ठेवला, तर तो वेगळा प्रश्न आहे. मामांची यंत्रे मात्र आजही तिथेच चालू आहेत.

त्यांच्या ताळेबंदात ‘इमारत’ या ओळीपुढे 1,45,892 हा आकडा आहे. गाळा 12 लाखांना घेतला होता आणि दरवर्षी शिल्लक किमतीवर 10 टक्के घसारा धरत 20 वर्षांनी एवढेच उरले आहे. त्याच कायद्याच्या कलम 50 नुसार 70 लाखांच्या विक्रीतून 12 लाख नव्हे, तर ही शिल्लक वजा होते, म्हणजे नफा 58 लाखांऐवजी साडेअडुसष्ट लाख होतो, आणि ताबा कितीही जुना असला तरी हा नफा अल्पकालीन मानला जातो; साडेबारा टक्के दर दीर्घकालीन नफ्याचा आहे. अशा नफ्याला कोणता दर लावायचा यावर न्यायाधिकरणांपुढे वाद झाले आहेत, परंतु साडेबारा टक्के गृहीत धरून इसार घेणे धोक्याचे आहे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही व्यवस्था बदललेली नाही.

दुसऱ्या गाळ्याबाबत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. त्याच आर्थिक वर्षात घसाऱ्याचा दर तोच असलेल्या मालमत्तांच्या गटातील मालमत्ता घेतली तर तिची किंमत गटात मिळून नफा घटतो. पण तो कर माफ होत नाही, पुढे जातो. तीन वर्षांची मुदत घर बांधण्यासाठीच्या सवलतीतून उचललेली दिसते.

खरी सवलत मात्र संदेशात नाहीच. गोव्याच्या व्ही. एस. डेंपो कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची आधीची भूमिका मान्य केली: नफा अल्पकालीन मानण्याचे कलम 50 चे गृहीतक नफा मोजण्यापुरते आहे, त्यामुळे दीर्घकाळ ताब्यात असलेल्या मालमत्तेला गुंतवणुकीवरची सवलत नाकारता येत नाही. त्या आधारे कलम 54ईसी चे रोखे (ज्यांत नफा गुंतवल्यास तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही), कमाल 50 लाखांचे, घेता येतात.

करारात किंमत कमी लावण्याबद्दल एवढेच, की मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेले मूल्य करारातील किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल तर तेच विक्रीमूल्य धरले जाते.

मामांना छापखाना बंद करायचा आहे, त्यामुळे दुसरा गाळा त्यांच्या कामाचा नाही. रोखे घेण्याच्या मुदतीचे सहा महिने मात्र हस्तांतरणाच्या तारखेपासून मोजले जातात, ती तारीख त्यांनी वहीत लिहून ठेवावी, असे मी त्यांना कळवले आहे.