टायफॉइडचं सर्टिफिकेट

गेल्या गुरुवारी लेक्चर संपवून स्टाफरूमकडे येत होते तर एसवायचा (दुसऱ्या वर्षाचा) एक मुलगा दाराबाहेर उभा, हातात चार घड्या घातलेला कागद. "मॅम, इंटर्नलला ॲबसेंट होतो, सर्टिफिकेट आणलंय." उघडून बघितलं. टायफॉइड, 7 दिवस बेड रेस्ट, खाली निळा शिक्का. आणि मला हसूच आलं, त्या बिचाऱ्याला वाटलं असेल बाईंना झालंय काय. कारण 2016 च्या फेब्रुवारीत मीपण अशीच एका दाराबाहेर उभी होते, हातात टायफॉइडच, आणि मलापण टायफॉइड झाला नव्हता.

हे कधी कुणाला सांगितलं नाही. आता दादाला विचारून लिहितेय, तो म्हणाला लिही, फक्त मला टॅग करू नकोस.

आम्ही तेव्हा घणसोलीला राहायचो, पप्पा माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला. मी ठाण्यातल्या एका कॉलेजला बीएमएस (मॅनेजमेंटची डिग्री) करत होते, चौथी सेम. आणि इंटर्नलच्या आठवड्यातच दादा घरातून निघून गेला. मोबाईलवर रमी खेळून पैसे घालवले होते, किती ते कुणालाच माहीत नव्हतं, सोमवारी रात्री मम्मीला कळलं की तिचा राणीहार कपाटात नाहीये आणि मंगळवारी सकाळी उठलो तर दादा नाही. फोन बंद. (असले पैशांचे गेम 2025 च्या कायद्याने बंद केले, आमच्या घरासाठी 9 वर्षं उशिराच.) मामांनी साताऱ्याहून फोनवर छातीठोकपणे सांगितलं की 24 तास झाल्याशिवाय पोलीस मिसिंग घेत नाहीत, आणि आम्ही खरंच एक अख्खा दिवस घरात बसून काढला. असा काहीही नियम नाहीये हो. माणूस सापडत नाहीये म्हटल्यावर सरळ पोलीस स्टेशनला जायचं, घड्याळ बघत बसायचं नाही. तो एक दिवस मला अजून डाचतो.

आणि घरात पहिला हुकूम काय, तर बाहेर कुठे बोलायचं नाही. शेजारी विचारलं तर दादा गावाला गेलाय. वसाहतीत सगळे आपल्याच तालुक्यातले, इथे संध्याकाळी बोललेलं सकाळी गावात पोचतं.

आता इंटर्नलचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या वेळी 75 ची लेखी आणि 25 ची इंटर्नल, म्हणजे कॉलेजमधलीच परीक्षा, त्या 25 मध्ये 20 ची टेस्ट आणि 5 वर्गातल्या सहभागाचे. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हायला लागायचं, म्हणजे 25 पैकी 10 हवेतच. लेखीला 75 पैकी 70 आणलेत तरी टेस्टला गैरहजर म्हणजे केटी, तो विषय राहिला. मी टेस्ट बुडवल्या नव्हत्या तर बुडाल्या होत्या, कारण पप्पांना लिहिता-वाचता बेताचंच येतं आणि पोलीस स्टेशनला त्यांच्याबरोबर मीच होते.

शुक्रवारी सरांकडे गेले. स्टाफरूममध्ये अजून चार जण डबा खात बसलेले. "सर, घरी प्रॉब्लेम आहे." "काय प्रॉब्लेम?" "फॅमिली प्रॉब्लेम आहे सर." "फॅमिली प्रॉब्लेम कुणाला नाहीत? मेडिकल असेल तर सर्टिफिकेट आण, री-टेस्टला बसवतो." तेव्हा मला प्रचंड राग आला होता. खूप उशिरा कळलं की तो माणूस मला वाट दाखवत होता. कॉलेजच्या यादीत आजारपण होतं, स्पोर्ट्स होतं, एनसीसी-एनएसएस होतं, भाऊ पळून गेला असं काही नव्हतं.

मग घराजवळचे एक डॉक्टर. 200 रुपये. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय लिहू, व्हायरल की टायफॉइड? व्हायरलला तीनच दिवस मिळतील." खोटं सर्टिफिकेट दिलं तर 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून जाऊ शकतं हे मला नंतर कळलं, त्यांना आधीपासून माहीत असणारच.

गंमत बघा, त्या दिवशी पप्पांच्या शर्टाच्या खिशात मिसिंगच्या नोंदीचा कागद होता. खरी तारीख, खरा शिक्का. तो दाखवला असता तर सरांनी कदाचित खुर्ची दिली असती बसायला. पण तो दाखवायचा नव्हता म्हणून 200 रुपयांचा खोटा आणला, आणि तो चालला. री-टेस्ट झाली, मला 20 पैकी 14 पडले. त्याआधीच रविवारी शिर्डीहून दादाचा फोन आला होता, पप्पा जाऊन घेऊन आले. वाटेत दोघं एक शब्द बोलले नाहीत म्हणे, फक्त संगमनेरला चहा प्यायले.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपण पोरांकडे जे प्रूफ मागतो ते दुःखाचं नसतं, शिक्क्याचं असतं. वडील आयसीयूत असतील तर कागद आहे, आजी गेली तर कागद आहे. आई माहेरी निघून गेली, बाप दारू पिऊन दार फोडतोय, घरावर बँकेची नोटीस लागलीय, याचा कागद कुठून आणायचा? आणि असला तरी 19 वर्षांची पोरगी तो डबा खाणाऱ्या चार लोकांसमोर उघडेल का? मग ती शेजारच्या डॉक्टरकडे जाते. म्हणजे खरं बोलायला आलेल्या पोरीला आपणच खोटं बोलायला शिकवून परत पाठवतो, आणि नंतर वर्गात एथिक्सचं युनिट घेतो. (मी घेते. बिझनेस एथिक्स, मंगळवारी पहिलं लेक्चर.)

माझे कलिग म्हणतात तू भोळी आहेस, पोरं फसवतात. फसवतात ना! एका पोराची आजी माझ्याकडे तीनदा वारलीय, दोनदा तर एकाच सेमला. पण सर्टिफिकेट मागून ते थांबलंय का? ज्याला फसवायचंय त्याला कागद सगळ्यात आधी मिळतो. मी काय करते तर कारण विचारतच नाही, री-टेस्टचा पेपर वेगळा काढते आणि वर दहा मिनिटं तोंडी घेते. अभ्यास न करता आलेला तिथे दुसऱ्या प्रश्नाला सापडतो. मला काम वाढतं हे खरंय, पेपर तपासायचे पैसे काही वाढवून मिळत नाहीत, आणि व्हिजिटिंगवाल्यांना, म्हणजे तासांवर शिकवणाऱ्यांना, तर अजिबातच नाही. इंग्लंडात बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये थोड्या दिवसांची मुदतवाढ नुसत्या स्वतःच्या सहीवर मिळते. तिथली पोरं काही आपल्यापेक्षा सत्यवादी हरिश्चंद्राची नाहीत.

पोरांनो, तुम्हालापण एक सांगायचंय. टेस्टनंतर आठवड्याने येऊ नका, आदल्या रात्री दोन ओळींचा मेसेज टाका. सगळी कहाणी नको, पाया पडणं नको. "घरी अडचण आहे, उद्या येऊ शकत नाही, अमुक तारखेला देऊ शकतो", बास. तारीख तुम्ही सांगितलीत की समोरच्याचं अर्धं डोकं शांत होतं.

त्या मुलाला मी विचारलं, किती दिवस लागतील? तो म्हणाला, "मॅम, दहा. मम्मी..." आणि थांबला. मी म्हटलं राहू दे, 10 दिवसांनी सकाळी साडेसातला ये. मग त्याने कागदाकडे बघून विचारलं, "हे जमा करू का?" मी म्हटलं कितीला पडलं? "500." महागाई बघा.

कागद त्याला परत दिला. आता एक्झाम कमिटीचा फॉर्म माझ्यासमोर पडलाय, उद्या द्यायचाय. कारणाच्या रकान्यात मेडिकल, स्पोर्ट्स, एनसीसी-एनएसएस, इतर. मी इतर वर टिक करून कौटुंबिक लिहिलंय आणि सही केलीय. त्याच्या पुढचा रकाना आहे, जोडलेली कागदपत्रं. तो अजून कोरा आहे.