बाहेरच्यांना शिकवू नका म्हणे

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. कुणीतरी फोटो टाकला, जव्हारकडचा एक कारागीर एका फ्रेंच मुलीला बोहाड्याचे, म्हणजे आपल्याकडच्या मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे करायला शिकवतोय, आणि खाली लगेच सुरू, आपली कला बाहेरच्यांना कशाला देता, उद्या तिकडे नेऊन विकतील. लिहिणारे सगळे ठाण्या-पुण्यात सेटल, कागदाच्या लगद्यात हात घातलेला एक नाही. खरंच डोकं फिरलं माझं.

मी ९ वर्षं क्योटोत आहे. इथे नोह या जुन्या जपानी नाटकाचे मुखवटे परदेशी लोकही कोरतात. रिबेका टील ओगामो मूळच्या अमेरिकेतल्या, नोहच्या कोंगो घराण्याचे नट उदाका मिचिशिगे यांच्याकडे नोह शिकल्या आणि मुखवटे कोरायलाही त्यांच्याकडेच, कारण उदाका स्वतः मुखवटे करायचे. म्हणून काय नोह जपानच्या हातून गेलं?

मागच्या महिन्यात इमादेगावाजवळ एक इटालियन माणूस को-ओमोते, म्हणजे तरुण मुलीचा मुखवटा, कोरताना बघितला. जुन्या मुखवट्यावरून कापलेला पुठ्ठ्याचा साचा हिनोकीच्या लाकडावर आडवा धरायचा, फट कुठे पडते ते बघायचा आणि मग उंच राहिलेल्या जागेवरून पटाशीने कांद्याच्या पापुद्र्याएवढं लाकूड काढायचा. नंतर शिंपल्यांची पूड सरसात कालवून थरावर थर. हा मुखवटा नटाने जरा वर उचलला की हसरा दिसतो, खाली झुकवला की उदास, त्यामुळे ओठाजवळ केसभर जास्त गेलं की सगळं गेलं. म्हणाला हा तिसरा, आधीचे दोन सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, परत दिले. दोन परत आले तरी माणूस तिसरा करतोय, आणि आपण विचारतोय हा कुठला!

आता कुणीतरी ऐकवेलच की नोह तरी कुठे सगळ्यांना खुलं होतं, बायकांना व्यावसायिक नट म्हणून मान्यता १९४८ मध्ये मिळाली, घराण्याची गादी अजून बापाकडून मुलाकडे जाते. मान्य. पण दार उघडलं ना?

मला लागला तो 'बाहेरचे' हा शब्द. इथे शेजारच्या आजी अजून विचारतात परत कधी जाणार, आणि सुट्टीत घरी गेलो की तिकडेही पहिला प्रश्न तोच. आणि ग्रुपवर मी 'आपला बोहाडा' लिहितो खरं, पण आम्ही मूळचे जव्हारशेजारच्या मोखाड्याचे नव्हतोच, वडील झेडपीचे मास्तर, साताऱ्याकडून बदलीवर आलेले. संबळ वाजायला लागला की मी सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायचो. मलाही सोंग घ्यायचंय म्हणून एकदा हट्ट केला, तर एक म्हातारे बाबा म्हणाले, पोरा, ते ज्याच्या त्याच्या घराण्यात असतं. पण मग त्यांनी नुकता रंगवलेला नरसिंह माझ्या हातात दिला, म्हणाले कडेला धर, ओल्याला बोट लावू नको, वाळेपर्यंत बस इथंच.

फोटोतली मुलगी तशीच बसलीये, दोन्ही हातांनी कडेला धरून.