घरबसल्या १५ हजार? हा मेसेज खोटा आहे

'सरकार प्रत्येक बेरोजगार तरुणाला १५ हजार देत आहे, आजच फॉर्म भरा' असा मेसेज आपल्या यवतमाळकडच्या गावांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. असा बेकारी भत्ता नाही.

गोंधळ प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेवरून झालाय. ती बेरोजगारांसाठी नाही, नोकरीला लागलेल्यांसाठी आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफ असलेल्या नोकरीत लागलात आणि पगार महिना १ लाखापर्यंत असेल, तरच लाभ. तोही सरसकट १५ हजार नाही. पीएफ ज्या पगारावर कापला जातो, तो एका महिन्याचा पगार, जास्तीत जास्त १५ हजार. नऊ हजारांवर पीएफ कापत असतील तर नऊच. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी.

म्हणजे दिवाळीनंतर चार महिने जिनिंगवर जाणारी पोरं यात बसत नाहीत, कापूस वेचणाऱ्या बाया तर नाहीतच. मला हेच सर्वांत जास्त लागतं.

पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात. मालक पीएफ भरतो, त्या नोंदीवरूनच हिशोब होतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून फुकट निघतो. कुणी फॉर्मचे पाचशे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.