विषाची कुपी नव्हे, म्यानाची टोपी

आमच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच फोटो आला. इंग्लंडमधल्या शेतात मेटल डिटेक्टरने सापडलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा, निमुळता, हिरवट धातूचा तुकडा. खाली मजकूर : ‘टेम्पलर योद्ध्याच्या खंजिराचं विषारी टोक. आतलं विष आजही हिरवं आहे. असे खंजीर फक्त सरदारांकडे असत. किंमत कोट्यवधी.’ (टेम्पलर म्हणजे मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती साधूंचा पंथ.)

आधी हिरव्या रंगाचं बघू, कारण लोक त्यालाच भुलतात. देवघरातली पितळी घंटी पावसाळाभर पुसली नाही तर तिच्यावर काय चढतं? कळंक. तांब्याचा कुठलाही मिश्रधातू पाच-सहाशे वर्षं ओल्या मातीत पडला तर हिरवा होणारच. कळंक पोटात जाणं वाईट, म्हणून तर आपण भांड्यांना कल्हई करायचो. पण तो तिथे कुणी मारेकऱ्याने भरलेला नाही.

आता ‘खंजिराचं टोक’. मध्ययुगातल्या खंजिराचं पातं लोखंड-पोलादाचं असायचं, तांब्या-पितळेचं नाही. फोटो जरा मोठा करून बघा. पातळ पत्रा कापून गुंडाळलाय, मागे त्याच्या कडा एकमेकींवर आल्यात. तोंड गोल नाही, चपटं आहे आणि त्याच्या जवळ एक बारीक छिद्र. ही म्यानाच्या टोकाची टोपी. आपल्याकडे तलवारीच्या म्यानाला असते तिला तहनाळ म्हणतात. म्यान चामड्याचं, खंजीर घाईने आत सारताना त्याचं टोक चामडं भोसकून बाहेर येऊ नये, म्हणून ही सोय. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं घालतात, त्याच जातीची. म्यान चपटं म्हणून टोपीचं तोंड चपटं, आणि छिद्र तिला चामड्याशी जखडणाऱ्या खिळ्याचं. शेतात चामडं कुजून जातं, टोपी तेवढी उरते. लंडनला थेम्सकाठच्या चिखलात मात्र हवा पोचत नाही, तिथे म्यानंही टिकली आहेत.

आणि विष भरणार कुठे? मागे फट, वर छिद्र. भरलंच तर मालकाच्याच मांडीवर ओघळायचं.

टेम्पलर कशावरून, तर टोपीवर क्रूस कोरलाय. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये क्रूस कशावर नव्हता? पाण्याच्या तांब्यावर ॐ दिसला म्हणून तो शंकराचार्यांचा ठरत नाही. शिवाय पोपने हा पंथच १३१२ मध्ये बरखास्त केला, आणि अशा टोप्या पुढे पंधराव्या शतकातही सर्रास वापरात होत्या.

‘फक्त सरदारांकडे’ याला उत्तर इंग्रज कवी चौसरनेच देऊन ठेवलंय. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत सुतार, विणकर, रंगारी अशी पाच कारागीर मंडळी येतात. त्यांच्या सुऱ्यांच्या टोप्या पितळेच्या नव्हत्या, चांदीच्या होत्या, असं तो मुद्दाम सांगतो. म्हणजे पितळी टोपी ही इतकी साधी गोष्ट, की ती नसणं हीच मिरवायची बाब!

राहिली किंमत. जमिनीत सापडलेला कुठला ऐवज ‘खजिना’ धरायचा हे ठरवणाऱ्या इंग्लंडच्या १९९६ च्या ट्रेझर कायद्यात अशी सुटी, साधी तांब्या-पितळेची वस्तू सहसा बसतच नाही. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे दाखवली तर तिथले लोक ती मोजतात, वजन करतात, फोटो काढतात, कुठे सापडली ते टिपून ठेवतात. मग ती बहुतेकदा परत शोधणाऱ्याच्याच खिशात जाते.