कुरकुर न करता

येशूचा शिष्य प्रेषित पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात एकमेकांचा पाहुणचार करण्याची आज्ञा दिली आहे आणि तिला ‘कुरकुर न करता’ अशी अटही जोडली आहे. लहानपणी नगरच्या चर्चमध्ये हे वचन पाठ करताना ती अट मला अगदीच अनावश्यक वाटत असे. पाहुणे आले म्हणजे आनंदच की, त्यात कुरकुर कसली? आता जर्मनीत, रामश्टाइनच्या अमेरिकन हवाई तळाजवळच्या एका गावात, लष्करी कुटुंबांसाठी उघड्या ठेवलेल्या घराची व्यवस्था पाहताना मला आठ वर्षे झाली आहेत, आणि पेत्राच्या घरीही शुक्रवारी संध्याकाळी न सांगता माणसे येत असली पाहिजेत, अशी माझी खात्री पटली आहे. त्याच्या सासूबाईंचा उल्लेख तर शुभवर्तमानात आहेच. ताप उतरताच त्या उठल्या आणि पाहुण्यांच्या सेवेला लागल्या. त्या वेळी त्या काय पुटपुटल्या, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

हे घर आमच्याकडे आले तेही पाहुण्यासारखेच, म्हणजे ‘थोड्या दिवसांसाठी’. यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही या भागात आलो आणि इंग्रजीतून उपासना चालते म्हणून एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागलो. कायझर्सलाउटर्न आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे ५० हजार अमेरिकन राहतात. अमेरिकेबाहेरच्या त्यांच्या सर्वांत मोठ्या लष्करी वस्त्यांपैकी ही एक. शहराचे नाव उच्चारताना जीभ अडखळते म्हणून त्यांनी त्याचे ‘के-टाउन’ करून टाकले आहे. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या या माणसांना आठवड्यातून एकदा तरी घरचे जेवण आणि प्रार्थनेला सोबत मिळावी, या हेतूने मंडळीने हे घर चालवले होते. ते सांभाळणारे दांपत्य मायदेशी परतले, तेव्हा पाळकसाहेबांनी किल्ली आमच्या हातात दिली आणि ‘तीन महिन्यांपुरतीच’ असे म्हणाले. अमेरिकन मिशनरी १८३१ साली नगरला आले आणि पुढे आमच्याकडच्या कित्येक पिढ्यांनी त्यांच्या शाळांत अक्षरे गिरवली. त्याची परतफेड जर्मनीत अमेरिकनांना रस्साभात वाढून करावी लागेल, असे त्या पिढ्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

या सेवाकार्यातील सर्वांत अवघड प्रश्न अध्यात्माचा नसून तांदळाचा आहे. शुक्रवारी किती जण जेवायला येणार, याचे उत्तर शुक्रवारी रात्री नऊ वाजेपर्यंत कोणालाही देता येत नाही. लष्करी माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा नसतो. दुपारी ‘नक्की येतो’ म्हणणारा संध्याकाळी विमानात असतो, आणि ‘मला जमणार नाही’ असे कळवणारा आपल्या तुकडीतील चार नवी पोरे घेऊन दारात उभा राहतो. बारा जणांचा अंदाज असताना एकोणतीस जण जेवून गेल्याचा आणि एकोणतिसांचा स्वयंपाक केल्यावर तिघेच आल्याचा असे दोन्ही अनुभव एकाच महिन्यात घेतल्यामुळे, हजारोंच्या जमावापुढे पाच भाकरी आणि दोन मासे पाहून ‘एवढ्याने इतक्यांचे काय होणार?’ असे येशूला विचारणाऱ्या त्याच्या अंद्रिया या शिष्याबद्दल मला अलीकडे फार आपुलकी वाटू लागली आहे. त्याच्या विश्वासात काही कमी होते असे मला वाटत नाही. स्वयंपाकघराचा हिशेब त्याच्याकडे असावा, इतकेच.

त्यातून पहिले वर्ष मी निव्वळ भाषेच्या घोळात घालवले. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणायचे असते, वाढणाऱ्याने ते ऐकायचे नसते आणि तिसऱ्या आग्रहाला पोळी पानात पडायची असते, हा शिरस्ता मी त्यांना लागू केला. पोळी पुढे केली की समोरचा मुलगा हसून ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणायचा. तू चांगलाच आहेस रे बाबा, असे मनात म्हणून मी पोळी वाढायची आणि तो आज्ञाधारकपणे खायचा. स्वतःच्या स्वभावाचे प्रशस्तिपत्र हा मुलगा पोळीगणिक का देतो, हे मला कळेना. पुढे कोणीतरी समजावून सांगितले की त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. तोवर एकोणीस वर्षांच्या त्या पोराने केवळ शिस्तीपायी माझ्या हातच्या सात पोळ्या पोटात ढकलल्या होत्या. उलट बाजूने माझीही तीच गत झाली. त्यांच्या घरी कॉफी विचारली की मी रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणत असे, आणि ते ‘ओके’ म्हणून मोकळे होत. त्या वर्षी मी निदान तीस घरांतून कोरड्या घशाने परत आले असेन. सतत ‘मॅम’ म्हणवून घेण्याचा कंटाळा आला म्हणून मी त्यांना ‘काकू’ म्हणायला शिकवले, तर त्याचा उच्चार ‘कुकू’ होऊ लागला. इंग्रजीत डोक्याने सरकलेल्या माणसाला तसेच म्हणतात, हे कळूनही मी तो बदलला नाही, कारण शुक्रवारी रात्री तो मला विशेष अयोग्य वाटत नाही.

आमच्या घराला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे कुंपणापलीकडच्या जर्मन आजी. आजींना आमचे पाहुणे आवडतात, पण आमच्या हिरवळीवरची पिवळी डँडेलियनची फुले आवडत नाहीत, कारण त्यांच्या म्हाताऱ्या उडून थेट आजींच्या गुलाबांत मुक्काम करतात. ती फुले उपटावीत असे मी ठरवले, तर आमच्याकडे येणाऱ्या मुलांनी बंड पुकारले. डँडेलियन हे लष्करी कुटुंबांतील मुलांचे फूल मानले जाते. वारा नेईल तिथे जायचे आणि पडेल तिथे रुजायचे. अकराव्या वर्षी सहावी शाळा पाहणाऱ्या मुलीने हे सांगितल्यावर खुरपे हातात धरवेना. मग मी आजींना करंज्या नेऊन दिल्या आणि विषय लांबणीवर टाकला.

परंतु एका तरुण सैनिकाच्या कानावर आजींची तक्रार गेली. एका रविवारी उपासनेनंतर आम्ही घरी पोचतो तो हा गडी गवत कापण्याचे यंत्र जोरात चालवून अर्धी हिरवळ साफ करून बसला होता. इतके दिवस तुमच्याकडे जेवतो, तेव्हा काहीतरी सेवा करावी, असे त्याला वाटले होते. जर्मनीत रविवारी गवत कापणे म्हणजे काय, हे इथे राहिल्याखेरीज समजणार नाही. रविवारी दुकाने बंद असतात, भिंतीला भोक पाडायचे नसते, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा गावच्या पेटीत टाकायच्या नसतात, कारण त्यांचा खळखळाट होतो. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील, आणि आजच्या घटनेतही कायम ठेवलेल्या, कलमानुसार रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे. शब्बाथ, म्हणजे बायबलने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, पाळण्याच्या बाबतीत मोशेने जे चाळीस वर्षे सांगून जमले नाही, ते या देशात नगरपालिका एका चिठ्ठीत करून दाखवते. आजी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. फुले कापली जात होती, जे त्यांना हवे होते. पण रविवारी कापली जात होती, जे त्यांना सहन होणारे नव्हते. त्या पेचात त्यांचा चेहरा जो काही झाला, तो पाहून मी पटकन आत जाऊन केक कापला.

एवढे असूनही आम्ही स्वतः त्यांच्या तळावर मोकळेपणाने जाऊ शकत नाही. आमच्याकडे ओळखपत्र नाही, म्हणून कोणीतरी फाटकावर येऊन, सही करून आम्हाला आत न्यावे लागते. एका रात्री नवरा मोहिमेवर गेलेल्या एका मुलीला कळा सुरू झाल्यावर आम्ही तिला घेऊन लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयाच्या फाटकावर पोचलो, तेव्हा त्या बिचारीने दोन कळांच्या मधल्या अवकाशात, ‘ही दोघे माझे पाहुणे आहेत’ असे पहारेकऱ्याला सांगितले. आमच्या सगळ्या आतिथ्यसेवेत आम्ही पाहुणे म्हणून अधिकृतपणे नोंदले गेलो, ते त्याच रात्री.

आणि मग बदली. ‘पीसीएस’ ही लष्करी बदलीच्या हुकुमाची तीन अक्षरे उन्हाळ्यात कानावर पडू लागली की माझी फडताळे भरू लागतात. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट आणि इथे २३०, त्यामुळे येणारे कुटुंब आपला अमेरिकन मिक्सर नुसती पिन बदलून भिंतीत खुपसते, धूर काढते आणि इथली उपकरणे विकत घेते. तीन वर्षांनी जाताना ती तिकडे निरुपयोगी म्हणून माझ्या दारात आणून ठेवते. (नगरहून आणलेला माझा मिक्सर मात्र इथे निमूट चालतो. भारत आणि जर्मनी या बाबतीत एकाच मंडळीचे सभासद आहेत.) सध्या माझ्याकडे नऊ पंखे, सहा टोस्टर आणि केचपच्या अकरा अर्धवट बाटल्या आहेत. नव्याने आलेल्यांना मी हाच ठेवा वाटते आणि तो कधी त्यांचे सामान पोचताच, कधी बदलीच्या वेळी माझ्याकडे परत येतो. त्यांत विजेवर चालणारी एक किटली आहे. तिच्या बुडाशी चिकटपट्टी लावून, ज्या ज्या घरात ती नांदली त्यांची नावे मी लिहीत आले आहे. आता सात नावे झाली असून चिकटपट्टी संपत आली आहे.

गेल्या महिन्यात त्यांतील दुसऱ्या नावाचे कुटुंब पुन्हा बदली होऊन इथे आले. सामान यायला अवकाश होता, घर रिकामे होते, म्हणून मी किटली द्यायला काढली आणि ती चालते की नाही हे पाहण्यासाठी पाणीही उकळले. त्या बाईने बुडाशी आपले नाव वाचले, बराच वेळ काही बोलली नाही, मग डोळे पुसून मुलांना हाका मारल्या आणि त्यांनाही ते दाखवले. मी विचारले, “चहा घेणार ना?”

“नको, नको,” ती चक्क मराठीत म्हणाली.

आठ वर्षे अमेरिकनांत काढलेली मी ‘ओके’ म्हणाले आणि किटलीतले पाणी ओतून तिला खोक्यात बंद केले. ती बाई मात्र हसऱ्या चेहऱ्याने तशीच उभी राहिली. ती दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत होती, हे माझ्या लक्षात आले तोवर तिचा नवरा खोके गाडीत ठेवून परत आला होता.