एक फोन गाडीला जोडायचा, त्याला किती छळ!

परशुराम घाट उतरला, चिपळूण मागे पडलं, आणि मी अजून फोन स्टीरिओला जोडतोच आहे! बाबांना कुडाळपर्यंत दशावताराचं रेकॉर्डिंग ऐकायचंय, एवढंच त्यांचं मागणं. पण ब्लूटूथ जाऊन चिकटतं मागच्या सीटवरच्या भाच्याच्या फोनला. त्याचं तोडून माझं जोडलं तर नुसते कॉल गाडीत येतात, रेकॉर्डिंग फोनमध्येच वाजतं. का? तर ब्लूटूथमध्ये कॉलचं प्रोफाइल, म्हणजे जोडणीची रीत वेगळी, संगीताची वेगळी! हे गाडी चालवणाऱ्यानं का शिकायचं?

बरं, वायर लावू. कुठली? २००३ साली आयपॉडला ३० पिनांचं तोंड आलं, २०१२ ला ते बदललं, २०१६ ला आयफोनची ३.५ मिमीची गोल जागाच काढून टाकली, २०२३ ला परत नवीन तोंड. अरे, गाडी माणूस पंधरा-पंधरा वर्षं वापरतो! दर वेळी आम्हीच वायरी शोधत फिरायचं?

माझी ऑक्सची, म्हणजे स्टीरिओत खुपसायची गोल पिनेची वायर पिनेपाशी पिचलीय. रबरबँड बांधून डावीकडे ओढून ठेवली, तरच दोन्ही स्पीकर बोलतात. एक खड्डा आला की खर्रर्र! पेनड्राइव्ह लावला तर मराठी नावांच्या जागी सगळे चौकोन. चौकोनांतून दशावतारातला संकासुर कसा शोधू?

दुकानदार म्हणतो, नवा स्टीरिओ बसवा. का बसवू? हा धडधाकट आहे!

राजापूर यायच्या आत बाबा वाट बघून झोपले.